उघड्या आकड्यांचा वैरी

'तीन' हा साधासुधा, कुणाच्या अध्यात ना मध्यात नसलेला आकडा ऐकून ज्याच्या कपाळाला आठ्या पडतात असा माणूस अख्ख्या मुळशी तालुक्यात एकच असेल, आणि तो नेमका आमच्याच वरच्या खोलीत भाडेकरू म्हणून आला. तीनशी त्याचं काही खास वैर होतं असं नाही. पाच, सात, बावन्न, कुठलाही आकडा एकटादुकटा फिरताना दिसला की हा अस्वस्थ व्हायचा. भर रस्त्यात एखादा सभ्य गृहस्थ अंगात सदरा न घालता समोर यावा आणि आपण नजर कुठं वळवावी ते कळू नये, तसा चेहरा करायचा. "मावसोबा, उघडा आकडा बोलू नका," असं तो मला बजावत असे. मी माणच्या हायस्कुलात जन्मभर मराठी शिकवलं. उघडा दरवाजा, उघडं गटार, उघड उघड लबाडी, हे सगळं मला ठाऊक होतं. उघडा आकडा ही चीज मात्र निवृत्तीनंतर ह्या पोराकडून कळली.

पोराचा धंदा संगणकाचा. त्यात नवल काही नाही. आमच्या माणमध्ये जिथं भाताची खाचरं होती तिथं आता काचेच्या इमारती आहेत, आणि ज्यांची खाचरं होती त्यांच्या घरांवर एकेक मजला चढलाय. त्या मजल्यांवर राहणारी पोरं दिवसभर संगणकावर नेमकं काय करतात हे त्यांचं त्यांनाही सांगता येत नाही. ह्याला सांगता यायचं आणि तीच पंचाईत होती, कारण तो सांगायचा. मोटारीच्या पोटात जे लहान लहान संगणक बसवतात त्यांच्यासाठी तो प्रोग्राम लिहीत असे. गाडीत दारांची एक रांग, दिव्यांची एक रांग, आसनांची एक रांग. कुणीतरी म्हणतो, 'दोन चालू कर.' आता दुसरं दार, दुसरा दिवा की दुसरं आसन? यंत्र बापडं उलट विचारत नाही. दिवा लावायचा तर दार उघडून मोकळं होतं. म्हणून ह्याने काय केलं, तर आपल्या प्रोग्रामातल्या एकेका आकड्याला आडनाव लावून टाकलं. दारांचा दोन फक्त दारांच्या रांगेत चालणार. तो दिव्यांच्या रांगेत घुसायला गेला तर तिथल्या तिथं अडवला जाणार. आणि गंमत म्हणजे गाडी रस्त्यावर आल्यावर नव्हे, प्रोग्राम लिहून यंत्राला कळेल अशा रूपात बांधला जात असतानाच. हे बांधण्याचं काम जो करतो त्याला कंपायलर म्हणतात. "कंपायलर म्हणजे तुमचे हेडमास्तर, मावसोबा. चुकीच्या वर्गातलं पोरगं फाटकातच उभं करतात. वर्गात पोचूच देत नाहीत," असं त्याने मला समजावून सांगितलं. आमच्या हेडमास्तरांना कुठलं पोरगं कुठल्या वर्गातलं हे शेवटपर्यंत कळलं नव्हतं, पण मी ते बोललो नाही.

संगणक पहिल्या वस्तूला एक नव्हे, शून्य म्हणतो, आणि ह्या शून्यापासून मोजण्यावरचा विनोद सगळे संगणकवाले करतात. आमच्याकडे राहून गेलेल्या प्रत्येकाने तो केला होता, आणि प्रत्येक वेळी आम्ही हसलो होतो. ह्याला तो विनोद अजिबात आवडत नसे. "कुठूनही मोजा, शून्यापासून मोजा नाहीतर शंभरापासून मोजा, पण काय मोजताय ते सांगा," असं तो म्हणे. एकदा आमची ही अंगणात कुणाशी तरी बोलत होती. तिने तिथूनच आत आवाज दिला, "आरं, तीन शिट्ट्या झाल्या की ग्यास बंद कर." आत शेगडीवर कुकर दोन. एकात भात, दुसऱ्यात डाळ. दोन्ही आपापल्या लहरीने शिट्ट्या देत होते आणि हा दोघांच्या मध्ये हात मागे बांधून उभा. ही आत आली तेव्हा डाळीचं पाणी भिंतीपर्यंत पोचलं होतं आणि भाताला खालून वास सुटला होता.

"तीन म्हंजी तीन! तुला तीन मोजता येत न्हाईत?" ही कडाडली.

"मावशी, भाताच्या तीन की डाळीच्या तीन? मी विचारायला हाक मारली, तुम्ही लक्ष दिलं नाही. मग मी वेगवेगळ्या मोजत दोन्हीकडच्या तीन-तीन व्हायची वाट बघितली. बेरीज करणं चूक ठरलं असतं."

"आन् ही भिंत पुसनं बरोबर ठरंल का?" असं म्हणून तिने त्याच्या हातात फडकं दिलं. भिंत त्याने फार मन लावून पुसली. दुसऱ्या दिवशी डाळीच्या कुकरच्या कानाला लाल दोरा बांधलेला दिसला, आणि खरं सांगायचं तर त्यानंतर आमच्या घरात डाळ कधी उतू गेली नाही. हिने मात्र हे कबूल केलं नाही.

तो हिला मावशी कसा म्हणायला लागला ते सांगितलं पाहिजे, कारण पुढचा सगळा घोळ त्यातून झाला. त्याच्याआधीचे सगळे भाडेकरू मला अंकल आणि हिला आंटी म्हणत, आणि आम्हीही निमूटपणे ओ देत असू. हा पहिल्या दिवशी दारात चपला काढता काढता विचारता झाला, "तुम्हाला काय म्हणू?" मी म्हटलं, म्हणा अंकल. तर म्हणाला, "नको. अंकल म्हणजे उघडा आकडा. काका, मामा, मावशीचे यजमान, आत्याचे यजमान, सगळे एका पोत्यात कोंबल्यासारखं होतं. बापाचा भाऊ कोणता आणि रिक्षात शेजारी बसलेला कोणता तेसुद्धा कळत नाही." मराठीचा मास्तर तिथंच विरघळला. मी त्याला पाणीही न देता तासभर उभा केला आणि चुलतभाऊ, मामेभाऊ, आतेभाऊ, मावसभाऊ अशी सगळी फौज त्याच्यापुढून नेली. इंग्रजीत ह्या सगळ्यांना मिळून एक कझिन. दीर, मेहुणा आणि साडू ह्या तीन निरनिराळ्या संकटांना मिळून एक ब्रदर-इन-लॉ. "मराठीत नात्याची चूक होणं शक्यच नाही," असं मी छाती फुगवून सांगितलं. त्याचे डोळे पाणावल्यासारखे दिसले. तहानेनेही असतील.

मग ही पुढं झाली. "मला मावशी म्हन. काकू म्हनलास तर वाटनी आली, आत्या म्हनलास तर मानपान आला, मामी म्हनलास तर उगंच वाईटपना आला. मावशीचं काय न्हाई. मावशीनं खायला घालायचं आन् रागवायचं." त्याच्या आईला बहीण नव्हती. "म्हणजे माझा मावशीचा खण रिकामाच आहे," असं म्हणून त्याने तो तिथल्या तिथं भरून टाकला आणि ओघानेच मी मावसोबा झालो. आम्हाला मूलबाळ नाही. ते दुःख आम्ही आता उगाळत बसत नाही, पण तो आल्यावर हिच्या आवाजाला धार आली हे मी पाहिलं. घरात हक्काने ओरडायला कुणीतरी मिळालं. तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी जमिनीवर फतकल मारून बसायचा, ताट मांडीवर घ्यायचा, आणि ही तव्यावरची भाकरी तिथूनच त्याच्या ताटात टाकायची. 'वाळलास', 'येड्या', 'हेल्मेट कुटं हाय' आणि 'अंगोळ केलीस का' ह्या चार गोष्टींवर दोघांचं बोलणं सुखाने चालायचं.

आकड्याच्या आडनावानंतर त्याचं दुसरं वेड म्हणजे माप. ऑफिसात त्याने म्हणे प्रोग्रामाच्या तोंडाशीच लिहून ठेवलं होतं की गाडीतले संगणक एकमेकांना निरोप पाठवतात त्यातली अमुक पेटी चोवीस बाइटची असलीच पाहिजे, पंचविसावा बाइट दिसला की बांधणी जागच्या जागी थांबव. घरी हाच न्याय त्याने आमच्या जिन्याला लावला. आमचा जिना मधे वळतो, आणि त्या वळणावर आजवर कपाटं, पलंग, गाद्या सगळं अडकलं होतं, एकदा तर एका भाडेकरूचा सोफा दिवाळीभर अडकून पडला होता. आम्ही तेव्हा सोफ्यावरून चढून वर जात असू. ह्याने सामान आणण्याआधी वळणाचं माप घेतलं, लाकडी पट्ट्यांची त्याच मापाची एक चौकट केली आणि जिन्याच्या पायथ्याशी ठोकली. चौकटीतून जे जाईल ते वर जाईल, जे जाणार नाही त्याने खालूनच परत फिरावं. "वर जाऊन कळण्यात काय अर्थ आहे? खालीच कळलं पाहिजे," असं त्याचं म्हणणं. आळीतले लोक नवा फ्रीज घेतला की आधी आमच्याकडे आणून चौकटीतून काढून बघायला लागले. फ्रीज त्यांच्या घरात जायचा असे, आमच्या जिन्यावरून नाही, हे त्यांना कोण सांगणार? एके दिवशी माझे साडू गच्चीवरून आयटी पार्क कसा दिसतो ते बघायला निघाले. साडूंचा देह भारदस्त आहे. चौकटीत ते दोन्ही बाजूंनी टेकले. हा शेजारीच उभा होता. काही बोलला असता तरी चाललं असतं, पण त्याने नुसतीच अत्यंत समाधानाने मान हलवली. साडू त्या दिवशी आमच्याकडे जेवले नाहीत.

ऑफिसात हा किती लोकप्रिय असेल ह्याची कल्पना मला एका रविवारी आली. वरच्या साहेबांपैकी एक जण मोठ्या गाडीतून, अर्ध्या चड्डीत, घामाघूम होऊन आमच्या ओट्यावर आला. कुणीतरी त्या चोवीस बाइटच्या पेटीत एक चिमुकली गोष्ट वाढवली होती, बांधणी थांबली होती आणि सगळा मजला हात बांधून बसला होता. हा फोन उचलत नव्हता, कारण रविवारी तो आमच्या हिला मटार सोलून देत असे.

"अरे यार, तो चेक टेम्पररी बंद कर ना. बस एक बाइट है," साहेब काकुळतीला आले.

"सर, बाइट वाढवा ना, मी कुठं नाही म्हणतो? पण आधी गाडीतल्या बाकीच्या सगळ्यांना सांगा की पेटी आता पंचवीसची झाली. न सांगता वाढवाल तर पलीकडचा माणूस चोवीस समजूनच उघडणार. मग ब्रेकचा निरोप दिव्याच्या कप्प्यात जाईल."

"डेडलाइन उद्या आहे."

"म्हणूनच आज अडलंय. परवा अडण्यापेक्षा बरं."

हिने दोघांपुढं पोहे ठेवले आणि विचारलं, "एक बाइट म्हंजी केवडं?" साहेबांनी चिमूट करून दाखवली. "आन् येवड्यासाटी तुमी रविवारचं पेट्रोल जाळत आलाय?" साहेबांनी पोह्यांची बशी पुढं ओढली. हा गालात हसला, तशी ती ह्याच्याकडे वळली. "आन् तू रं? येवड्यासाटी मानसाला ओट्यावर बसवून ठिवलंस?" मग त्यानेही आपली बशी ओढली. पोहे संपल्यावर साहेबांनी बसल्या बसल्या तीन-चार ठिकाणी फोन केले आणि ज्यांना सांगायचं त्यांना सांगितलं. इथवर न येता तेवढ्यानंच काम झालं असतं हे त्यांना निघताना पटल्यासारखं वाटलं. पण अशा माणसावर कुणी खूश नसतं. पुढच्या आठवड्यात ह्याच्यापुढं बंगळूरच्या ऑफिसात जाण्याचा प्रस्ताव आला. तो प्रस्ताव मोठ्या गौरवाच्या भाषेत लिहिलेला होता. त्याने आठवडा मागून घेतला.

बंगळूरचं ऐकल्यापासून ही बिघडली. भाकरी करपायला लागल्या. मला म्हणाली, "तितं कोन हाय त्याचं? तितं त्याला काय खायला घालत्यात?" मी म्हटलं, इडली घालतात. त्यावर ती माझ्याशी दिवसभर बोलली नाही. मग तिच्या डोक्यात एक बेत शिजला. तिच्या माहेरची एक पोरगी मुळशीला धरणाकडेच्या एका रिसॉर्टवर रिसेप्शनला होती. बी.कॉम. झालेली, गोरी नाही, काळी नाही, तोंडाने फटकळ आणि हिशोबाला चोख. आम्ही वर्षाच्या सुरुवातीला एका लग्नाला तिकडे गेलो होतो तेव्हा हाही बरोबर होता, आणि वाटेत आम्ही तिला भेटायला थांबलो होतो. "ही माजी भाची," अशी हिने ओळख करून दिली होती. ओळख झाली खरी, पण ह्याचं लक्ष भाचीच्या मागच्या भिंतीकडे होतं. तिथं किल्ल्यांच्या खुंट्या होत्या. खोल्या, तंबू आणि पाण्यालगतच्या झोपड्या, तिन्हींना एकपासून नंबर. मात्र तंबूच्या किल्ल्यांना बारीक भोकाचे बिल्ले, खोल्यांना मोठ्या भोकाचे आणि झोपड्यांना चौकोनी भोकाचे, आणि खुंट्याही त्या त्या घडणीच्या.

"हे कुणी केलं?" ह्याने दबक्या आवाजात विचारलं.

"मीच. सुताराकडनं करून घेतलं," भाची म्हणाली. "पावणे दिसंल त्या खुंटीला किल्ली अडकवायचे. मग तीन नंबरची किल्ली तंबूची का खोलीची, आमी शोधत बसायचो. आता चुकीची किल्ली बसतच न्हाई."

"म्हणजे अडकवतानाच अडतं!"

"व्हय. मग? अडायलाच पायजे."

मी माणसं प्रेमात पडताना पाहिली आहेत, हायस्कुलात तेवढंच पाहायला मिळतं, पण एखाद्याला खुंट्यांच्या फळीपुढं उभ्या उभ्या घाम फुटलेला मी पहिल्यांदा पाहिला. त्यानंतर तो दर रविवारी मटार सोलून झाले की धरण बघायला जाऊ लागला. तेच धरण, तेच पाणी. भाचीही फोनवर आमच्या हिला 'अक्का, ते वरचे काय म्हणतात?' असं विचारू लागली. तेव्हा हिचा बेत काही अगदीच हवेतला नव्हता. एका संध्याकाळी हिने त्याला उंबऱ्याशी बसवलं, ताट वाढलं आणि सरळ घाव घातला. "माजी भाची करतोस का? हितंच ऱ्हा. बंगळूरला जाऊ नगंस."

त्याच्या हातातला घास तसाच राहिला.  "मावशी, ते होणार नाही."

"का? आवडत न्हाई?"

"आवडते म्हणून तर बंगळूरला जायचं ठरवलंय," तो म्हणाला आणि त्याचा आवाज चिरकला. "आजच हो म्हणून कळवणार होतो. तिला काही सांगू नका."

आम्हाला काही उलगडेना. कुणाचं काही दुसरं प्रकरण आहे का, आईवडील नाही म्हणतात का, पत्रिकेत काही आहे का, हिने एकेक करून सगळं विचारलं. तो मान हलवत राहिला. शेवटी ताटाकडे बघत पुटपुटला, "ती माझी बहीण लागते."

"भईन? कुटनं?"

"तुम्ही माझी मावशी. ती तुमची भाची. म्हणजे तुमच्या बहिणीची मुलगी. म्हणजे माझी मावसबहीण. हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. मी तरी जात राहिलो, ती माझी चूक."

मी हसलो नाही. खोटं कशाला सांगू, हसू आलं होतं, पण त्या पोराचं तोंड बघून ते घशातच राहिलं. मानलेल्या मावशीमुळं मानलेली मावसबहीण, आणि हा तेवढ्यासाठी आयुष्याचं वाटोळं करून परमुलखात निघाला होता. "अरे, नातं मानलेलं आहे, रक्ताचं नाही," असं मी म्हणालो तर मलाच म्हणाला, "मावसोबा, सोयीचं असेल तेव्हा मावशी म्हणायचं आणि गैरसोय झाली की मानलेली म्हणायचं, हे मला जमणार नाही."   ही डोळ्याला पदर लावून उभी होती, कारण तिला मावशी म्हणणाऱ्याने ते इतकं खरं धरलं होतं.

आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तो आधीच पडायला हवा होता. मी मराठीचा मास्तर. "थांब, थांब," मी म्हटलं. "भाची म्हणजे बहिणीचीच मुलगी, हे मी म्हटलं तर. पुरुषाच्या तोंडी भावाची मुलगी पुतणी आणि बहिणीची मुलगी भाची, दोन वेगळे खण. पण बाईच्या तोंडी भावाची मुलगीही भाची आणि बहिणीची मुलगीही भाची!"

त्याने मान वर केली. असा दुखावलेला चेहरा मी क्वचित पाहिलाय. "दोघींना एकच शब्द? आणि हे कुणी तपासलंच नाही? तुम्ही म्हणाला होतात मराठीत नात्याची चूक होऊच शकत नाही."

मी सबंध मराठी भाषेच्या वतीने खाली बघितलं. "पण तू तिलाच विचारायचंस ना, बाप कोण, आई कोण?" असं मी पुटपुटलो. तर त्याचाही त्याच्याकडे नियम होता. एकदा बांधताना तपासलं की मग प्रोग्राम चालताना पुन्हा तपासत बसायचं नाही, त्यात वेळ जातो. त्यात पोरगीही हिला आत्या म्हणायची सोडून माहेरच्या सगळ्या पोरांसारखी 'अक्का' म्हणायची. म्हणजे तोही उघडाच आकडा.

हिने डोळे पुसले आणि कंबरेवर हात ठेवले. "आरं, ती माज्या थोरल्या भावाची पोर हाय. मी तुजी मावशी, मंग माजा भाऊ तुजा कोन?"

"मामा."

"आन् मामाची पोरगी?"

तो कराडकडचा. त्याला आणखी काही सांगावं लागलं नाही. ओठ हलवत त्याने सगळी साखळी पुन्हा एकदा जोडून पाहिली आणि हळूच म्हणाला, "चालते."

"चालते? आमच्यात पयलं तितंच इचारत्यात, येड्या! हक्काची हाय ती!" असं म्हणून तिने त्याच्या ताटात एकदम दोन भाकरी टाकल्या. त्याने त्या खाल्ल्या, तिसरी मागून घेतली, मग पुरता रडला.

पुढं सगळं भराभर झालं. त्याचे आईवडील आले, मुळशीची मंडळी आली. बैठकीत कुणीतरी देवक विचारलं. देवक म्हणजे कुळाने पुजायचं चिन्ह, दोन्ही घरांचं एकच निघालं तर लग्न होत नाही. दोघांचं वेगळं निघालं. ह्याला त्या चालीचं फार कौतुक वाटलं. "म्हणजे लग्न लागायच्या आधीच अडवतात!" असं तो भर बैठकीत म्हणाला आणि भावी सासऱ्यांनी माझ्याकडे जरा काळजीने पाहिलं. बंगळूर रद्द झालं. त्याने सूसला एका सोसायटीत घर घेतलं, आमच्यापासून फटफटीवर जेमतेम अर्ध्या तासावर. हिचा बेत तडीस गेला होता. लग्नात ती अशी मिरवली की मला बायको ओळखू येईना. मांडवात कुणीतरी म्हणालं, "आता तुमी मावशी कसल्या? नवरीच्या आत्या तुमी. हे आता जावई." ही लाजून हसली आणि म्हणाली, "व्हय की. आता आत्याच म्हनायचं मला." तो तिच्याकडे क्षणभर बघत राहिला आणि म्हणाला, "बरं, आत्या."

लग्नानंतर जोडी पहिल्यांदा आमच्याकडे जेवायला आली. हिने आदल्या दिवसापासून पुरण शिजवलं होतं. दारात पाय धुवायला पाणी, डोक्यावर पदर, आणि "या जावईबापू, बसा." तो सवयीने स्वयंपाकघराकडे वळला होता. तिने लगबगीने पुढं होऊन त्याला बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसवलं. भाची बिनदिक्कत आत गेली आणि दोघींच्या हसण्याचा आवाज येऊ लागला. बाहेर आम्ही दोघे. आम्ही हिंजवडीच्या चौकातल्या वाहतुकीविषयी बोललो. इतक्या वर्षांत आम्ही कधी वाहतुकीविषयी बोललो नव्हतो. त्याच्यापुढं टेबल लागलं, ताट आलं, भोवती रांगोळी. तो चमच्याने वरण घेत होता. आतून हिचा आवाज आला, "आगं, त्यांला इचार, ताक पायजे का?"

'त्यांला' हे त्याने ऐकलं. त्याने ऐकलं ते मी पाहिलं. खालमानेने तो मला म्हणाला, "माझं काही चुकलं का?"

"काही चुकलं नाही. सगळं जिथल्या तिथं आहे," मी म्हणालो. दुसरं काय सांगणार? मला फार वाईट वाटत होतं.

निघताना हिने त्याला टॉवेल-टोपी केली. टोपी त्याला मोठी होती, कानांवर आली. तो वाकून पाया पडला. ती म्हणाली, "सावकास जावा." तो म्हणाला, "येतो आत्या." दोघांनीही अगदी बरोबर, कुठं बोट ठेवायला जागा नाही असं केलं. गाडी कोपऱ्यावर वळून दिसेनाशी झाली तेव्हा फाटकाची कडी लावता लावता ही आपल्याशीच पुटपुटली, "जेवला न्हाई नीट. दुसरी पोळी तशीच ठिवली येड्यानं. आन् वाळलाय किती."

"मग सांगायचं होतंस तोंडावर," मी म्हटलं.

"जावायाला असं बोलत्यात व्हय?" असं म्हणून पदर सावरत ती आत गेली.

मी थोडा वेळ ओट्यावर बसलो. मग पाणी प्यायला आत गेलो. जावयाचं उष्टं आमच्यात कुणी खात नाही, पोराचं खातात. ही शेगडीशी पाठमोरी उभी होती, आणि त्याच्या ताटातली राहिलेली पोळी दुधात कुस्करून एकटीच खात होती.